दोन फुटी खाऱ्या टाकीत कोण कोणाशेजारी नांदेल?

नळाचं_पाणी | ४ फेब्रुवारी, रात्री १०:५०

नमस्कार मंडळी. गोड्या पाण्यातले मासे गेली अकरा वर्षं पाळतोय. गप्पी, मॉली, एंजल, मधे एक ऑस्कर होता, त्याने बाकीचे संपवले. खारं पाणी मात्र पहिल्यांदाच.

टाकी २४ × १५ × १५ इंच. हिशेबाने ८८ लिटर, पण वाळू आणि खडक घातल्यावर पाणी जेमतेम सत्तर लिटर बसतं. मागे टांगायचा फिल्टर, पाणी हलवत ठेवणारा एक छोटा वेव्हमेकर, खारटपणा १.०२५, तापमान २६. सायकलिंग (म्हणजे अमोनिया पचवणारे जिवाणू टाकीत वाढवणं) सुरू करून सात आठवडे झाले. अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य, नायट्रेट १०.

आता अडचण. दुकानदाराने "टाकी चालू करायला" म्हणून तीन निळे डॅम्सेल दिले होते. एक पहिल्याच आठवड्यात गेला. दुसरा तिसऱ्या आठवड्यात फिल्टरच्या जाळीला चिकटलेला सापडला, शेपटी पार कुरतडलेली. उरलेला दोन इंचाचा प्राणी आता मी काच पुसायला हात घातला तरी अंगावर येतो. मुलीने त्याचं नाव 'चेअरमन' ठेवलंय. कुणावरून ते सांगत नाही, सोसायटीतले लोक इथे वाचत असतील.

पुढे आणायची यादी: दोन क्लाऊनफिश (मुलीची अट, यात तडजोड नाही), निळा टँग, मँडारिन, पांढऱ्या अर्धवर्तुळांचं कोरान एंजलचं पिल्लू, एक डॉमिनो, आणि जमलं तर लायनफिशचं पिल्लू. दुकानदार म्हणतो सगळे एकत्र राहतात, लहानपणापासून सोबत वाढले की भांडत नाहीत. तुमचं काय मत?

---

तळलेला_बोंबील | ४ फेब्रुवारी, रात्री ११:०५

यादीत बांगडा दिसला नाही. रवा भिजत घालू की थांबू?

---

खारवट | ५ फेब्रुवारी, सकाळी ७:२०

बोंबील, तुझा रवा असू दे तिथेच.

नळराव, आधी तुमच्या यादीवर काट मारतो, राग मानू नका.

निळा टँग दुकानात दीड इंचाचा असतो म्हणून लोक फसतात. तो फूटभर होतो. तुमची टाकी पुढून मागे सव्वा फूट आहे, म्हणजे मोठा झाल्यावर त्याला वळायलाही जागा नाही. दिवसभर लांब पल्ल्याने पोहणारा मासा आहे तो. चार फुटी टाकीतसुद्धा मी ठेवणार नाही.

कोरान एंजल याहून वाईट. ती निळी-पांढरी अर्धवर्तुळं फक्त बालपणीची. वाढला की रंग पूर्ण बदलतो आणि लांबी सव्वा फुटाच्या आसपास जाते. आवडलेलं पिल्लू वर्षा-दोन वर्षांत ओळखूही येणार नाही.

लायनफिश तोंडात मावेल ते गिळतो. त्याचं तोंड उघडलेलं एकदा बघा, मग क्लाऊन त्याच्याशेजारी सोडायची हिंमत होणार नाही. शिवाय काटे विषारी. घरात लहान मूल काचेशी खेळतंय, त्यामुळे हा विषयच बंद.

डॉमिनो म्हणजे तुमच्या चेअरमनचा मोठा भाऊ. तीन पांढऱ्या ठिपक्यांचं गोंडस काळं पिल्लू, पुढे पाच इंचांचा गुंड.

उरला मँडारिन. हा कुणाच्या वाटेला जात नाही, याच्या वाटेला कुणी जात नाही. पण हा उपाशी मरतो. खडकावर फिरणारे डोळ्यांना जेमतेम दिसणारे कोपेपॉड दिवसभर टिपून खायचे, एवढाच त्याचा धंदा. नव्या छोट्या टाकीतले कोपेपॉड दोन आठवड्यांत संपतात, मग पोट खपाटीला जातं, आणि तो इतका शांतपणे झिजतो की आपल्याला उशिरा कळतं. मी एक असा घालवलाय. पुन्हा आणला नाही.

म्हणजे यादीतले फक्त क्लाऊन राहिले. बाकीचं संध्याकाळी लिहितो, ८:०२ पकडायची आहे.

---

साधा_माणूस | ५ फेब्रुवारी, सकाळी ११:४०

खारवट साहेबांचा अनुभव मोठा असेल, पण इतकं घाबरवायची गरज नाही. माझ्याकडे दोन फुटीतच नऊ मासे आहेत. दोन क्लाऊन, चार डॅम्सेल, एक पिवळा टँग, दोन क्रोमिस. पाच महिने झाले, सगळे मजेत. फिल्टर चांगला ठेवा, पाणी बदलत राहा, बस.

---

खारवट | ५ फेब्रुवारी, संध्याकाळी ८:१५

साधा_माणूस, पाच महिने झाले म्हणताय, तर पंधराव्या महिन्यात परत या, मी वाट बघतो. टोमणा नाही. पिल्लं भांडत नाहीत कारण त्यांना अजून जागेची किंमत कळलेली नसते. वयात आली की टाकीची वाटणी सुरू होते.

आणि गोड्या पाण्याचे हिशेब इथे चालत नाहीत याला साधं कारण आहे. खाऱ्या पाण्यात त्याच तापमानाला प्राणवायू गोड्यापेक्षा जवळपास पाचव्या हिश्श्याने कमी विरघळतो. वर आपला पीएच ८.२ च्या आसपास. पीएच चढा असला की तेवढाच अमोनिया जास्त जहरी होतो. त्यामुळे नऊ माशांच्या टाकीत रात्री चार तास लाईट गेली, तर गोड्या टाकीत जे निभावलं असतं ते इथे निभावत नाही. बॅटरीवरचा एअर पंप आहे ना तुमच्याकडे?

---

साधा_माणूस | ५ फेब्रुवारी, रात्री ९:०२

इन्व्हर्टर आहे. (टाकी त्यावर नाहीये. लावतो.)

---

समुद्रकाठची | ५ फेब्रुवारी, रात्री ९:३०

मत्स्यविज्ञान शिकलेय, रत्नागिरीला. खारवट यांच्या काटछाटीला पूर्ण अनुमोदन. माझे दोन-तीन मुद्दे.

क्लाऊन घेताना दोन सारख्या आकाराचे, "जोडी" म्हणून दाखवलेले मोठे मासे घेऊ नका. क्लाऊनफिश जन्मतः नर असतात. टोळीतला सर्वांत मोठा आणि दांडगा मासा मादी होतो, त्याखालचा कामाचा नर, बाकीचे बिनलग्नाचे. मादी मेली तर नराचीच मादी होते. म्हणून दोन लहान घ्या, एक स्पष्टपणे मोठा आणि एक लहान. मोठा दादागिरी करेल, लहान आडवा होऊन अंग थरथरवेल. ते बघून घाबरू नका, "तू मोठी, मी लहान" असं तो कबूल करतोय. दोन बरोबरीचे असले तर हे कबूल करायला कुणी तयार नसतं, आणि मग मारामारी.

जात नीट बघा. ऑसेलॅरिस सगळ्यांत समजूतदार. आपल्याकडे काळा-पिवळा सेबे क्लाऊनही विकायला असतो. तो मोठा होतो आणि तापटही असतो. गडद लाल 'मरून' क्लाऊन तर दोन फुटीत नकोच. आणि दोन जातींचे क्लाऊन एकत्र कधीच नाही.

शक्यतो हॅचरीत (पैदास केंद्रात) वाढलेलेच घ्या. विळिंजम आणि मंडपमच्या केंद्रांत सीएमएफआरआयने (केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने) क्लाऊनची पैदास केव्हाच बसवली. आपल्याकडे ऐरोलीला कांदळवन प्रतिष्ठानने हॅचरी उभी केली, आणि लक्षद्वीपच्या अगत्ती बेटावर तर स्थानिक बायका शोभेच्या कोळंबीचं संगोपन करतात. समुद्रातून पकडलेला मासा आजारही घेऊन येतो आणि तयार खाणं बघून तोंड फिरवतो. हॅचरीतला पहिल्या दिवसापासून दाणे खातो.

आणि हो, समुद्रफूल (क्लाऊन ज्यात राहतो तो ॲनिमोन) लगेच आणू नका. फुलाशिवाय क्लाऊन मस्त राहतात. नव्या टाकीत फूल मरतं आणि मरताना सगळ्यांना घेऊन जातं.

---

नळाचं_पाणी | ५ फेब्रुवारी, रात्री १०:१०

वाचून अर्धी हवा गेली, पण बरं झालं विचारलं. दोन प्रश्न. एक, खडक मी सिरॅमिकचा घेतलाय, दुकानदार म्हणत होता "खरा कोरलवाला" पण मिळवून देतो. घ्यावा का? दोन, मालवणला सासुरवाडी आहे. तिथे ओहोटीला कातळातल्या डबक्यांत काय सुंदर मासे दिसतात! एखादा आणला तर?

---

समुद्रकाठची | ५ फेब्रुवारी, रात्री १०:३५

दोन्हींना नाही. दगडी प्रवाळ (कोरल), समुद्री काकड्या, समुद्रघोडे आणि त्याचे भाऊबंद २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याखाली आहेत. "खरा कोरलवाला" म्हणजे नेमकं काय, हे दुकानदाराला पावतीवर लिहून द्यायला सांगा, देणार नाही. सिरॅमिक उत्तम आहे, जिवाणू त्यातही बसतात, फक्त वेळ घेतात.

मालवणचा तो किनारा तर १९८७ पासून सागरी अभयारण्य. त्याच्या बाहेरचं डबकं असलं तरी आणू नका. त्या डबक्यातला गोबी (तळाशी राहणारा छोटा मासा) दुपारी तापलेल्या आणि पावसात जवळजवळ गोड्या झालेल्या पाण्यात तगतो. दिसतो काटक, पण मोठा किती होणार, खातो काय, हे तुम्हाला सांगता येईल का? सासुरवाडीला जाऊन वाकून बघा, त्यात जास्त मजा आहे.

---

तळलेला_बोंबील | ५ फेब्रुवारी, रात्री १०:४१

सासुरवाडी मालवणला असून हा माणूस मासे *पाळतो*.

---

खारवट | ६ फेब्रुवारी, रात्री ९:५०

आता मुख्य गोष्ट. नळराव, तुम्ही मासा निवडताना रंग बघताय. मी आधी पत्ता बघतो. कुठल्या मजल्यावर राहणार?

दोन फुटी टाकीत तीन-चार बिऱ्हाडं मावतात. एक तळाला वाळूत, एक खडकाच्या कपारीत, एक मधल्या पाण्यात, एक वरच्या अंगाला. एकाच मजल्यावर दोन सारख्या अंगाचे, सारख्या रंगाचे, सारखं खाणारे ठेवले की कटकट. वेगवेगळ्या मजल्यांवर ठेवले की एकमेकांकडे बघतसुद्धा नाहीत.

तळाला पिवळा वॉचमन गोबी, आणि त्याच्यासोबत पिस्टल कोळंबी. ही जोडी आणाच. कोळंबीला जवळजवळ दिसतच नाही, पण ती बीळ खोदण्यात पटाईत. गोबीला दिसतं, खोदता येत नाही. मग कोळंबी रेती उपसते आणि गोबी दारात पहारा देतो. उपसताना तिची एक मिशी कायम गोबीच्या अंगावर टेकलेली असते. धोका दिसला की गोबी शेपटी फडफडवतो आणि दोघं आत. हे बघायला मी पहिले दोन महिने जेवणाचं ताट घेऊन टाकीपुढे बसायचो.

यात एकच सावधगिरी. कोळंबी खडकाखालून खोदते. खडक वाळूवर ठेवला असेल तर एके रात्री धाडकन खाली येईल, कधी काचेवर. म्हणून खडक थेट तळाच्या काचेवर टेकवा, मग भोवती वाळू ओता. आधीच वाळूवर ठेवला असेल तर आत्ताच उचला, मासे आल्यावर नाही.

मधल्या पाण्यात फायरफिश. पांढरं अंग, मागे लालभडक, डोक्यावर एक उभा तुरा सतत हलवत राहतो. फारच भित्रा. एकच घ्या, दोघे असले की बहुधा एक दुसऱ्याला मारतो. आणि हा उडी मारतो. झाकण हवंच.

कपारीत रॉयल ग्रामा. याची माझी एक कहाणी आहे. सहा वर्षांपूर्वी एका दुकानात अर्धा जांभळा अर्धा पिवळा मासा दिसला, दुकानदार म्हणाला ग्रामा, मी घेतला. घरी सोडला, दुसऱ्या दिवशी फायरफिश पंपामागे लपलेला, तिसऱ्या दिवशी तुरा गायब, पाचव्या दिवशी फायरफिशच नाही. मग कुणीतरी दाखवलं की तो ग्रामा नव्हता, रॉयल डॉटीबॅक होता. दोघांचे रंग तेच. फरक असा की ग्रामामधला जांभळा रंग पिवळ्यात हळूहळू विरघळतो, आणि पाठीच्या पंखावर पुढे एक काळा ठिपका असतो. डॉटीबॅकचा रंग पट्टी लावून कापल्यासारखा, मधोमध सरळ रेघ, ठिपका नाही. ग्रामा आपली कपार सांभाळतो, तोंड वासून दाखवतो, तेवढ्यावर भागतं. डॉटीबॅकला अख्खी टाकी आपली वाटते. ग्रामा कॅरिबियनमधून येतो म्हणून इथे महाग. कुणी स्वस्तात "ग्रामा" देत असेल तर आधी ती रेघ बघा.

आणि क्लाऊन दोन, ते वरच्या कोपऱ्यात ठाण मांडतात.

म्हणजे गोबी एक, फायरफिश एक, क्लाऊन दोन. पुढे सहा महिन्यांनी सगळं सुरळीत असेल तर ग्रामा. एवढंच. पाचाच्या वर एकही नको.

सोडायचा क्रमही ठरलेला. भित्रा आधी, दांडगा शेवटी. जो आधी येतो त्याचा सातबारा. आधी गोबी-कोळंबी, तीन आठवड्यांनी फायरफिश, आणखी तीन-चार आठवड्यांनी क्लाऊन. एकदम सगळे सोडले तर जिवाणूंना तेवढा अमोनिया खाता येत नाही, हेही कारण आहेच.

आणि या सगळ्याच्या आधी चेअरमनचा राजीनामा.

---

नळाचं_पाणी | ६ फेब्रुवारी, रात्री १०:२०

क्लाऊन सर्वांत शेवटी?? अहो, हा सगळा खर्च ज्या दोन माशांसाठी मंजूर झाला ते दीड-दोन महिन्यांनी? मुलगी सात वर्षांची आहे. तिला "जिवाणू" हे कारण पटत नाही.

---

डलासचा_देशी | ७ फेब्रुवारी, पहाटे ४:१५

इकडे संध्याकाळ आहे म्हणून आत्ता वाचलं. नळ, खारवट सांगतायत ते ऐका. माझी टाकी तुमच्याहून लहान आहे. मी आधी सिक्सलाइन रास सोडला, कारण दिसायला झकास आणि किडे खातो म्हणे. तीन इंचांचा मासा. त्यानंतर मी जे जे आणलं त्याला त्याने दिवसभर खडकाभोवती पळवलं. शेवटी पूर्ण खडक बाहेर काढून त्याला पकडलं आणि दुकानात परत दिला.

आणखी एक, जे अजून कुणी लिहिलं नाही. नवा मासा थेट टाकीत सोडू नका. तीन-चार आठवडे वेगळ्या टबात ठेवा. एअर पंप, हीटर, प्लॅस्टिकच्या पाइपाचा तुकडा लपायला, बस. मीठ सांडल्यासारखे पांढरे ठिपके म्हणजे मरीन इच, आणि धुळीसारखा मखमली थर म्हणजे व्हेल्वेट. व्हेल्वेट दोन-तीन दिवसांत टाकी रिकामी करतो. दोघांवर तांब्याचं औषध चालतं, पण ते कोळंबीला, गोगलगायीला मारतं, म्हणून मुख्य टाकीत टाकायचं नाही. एकदा का इच मुख्य टाकीत शिरला तर सगळे मासे काढून ती दोन-अडीच महिने माशांशिवाय ठेवावी लागते. मी ठेवलीय. रिकाम्या टाकीला रोज दिवा लावणारा माणूस बघून बायको काय काय बोलली ते लिहीत नाही.

---

खारवट | ७ फेब्रुवारी, सकाळी ७:१०

बरोबर. मी लिहायचं विसरलो, कारण आता ते हातच्या सवयीचं झालंय. धन्यवाद डलास.

नळराव, यातच मुलीचा प्रश्न सुटतो बघा. क्लाऊन आत्ताच आणा, पण वेगळ्या टबात. तिला रोज दाणे घालू दे. मोठ्या घरात ते शेवटी जातील.

---

नळाचं_पाणी | ७ फेब्रुवारी, सकाळी ७:२५

खारवट, तुम्ही गृहमंत्रालयात पाहिजे होतात.

---

नळाचं_पाणी | १६ फेब्रुवारी, रात्री ११:३०

चेअरमन पकडला. तपशीलवार लिहितो, कुणाला उपयोग होईल.

जाळीने दोन दिवस प्रयत्न केला. जाळी पाण्याला लागायच्या आत तो खडकात. उलट मी खडक हलवतोय हे बघून मधे येऊन बोटाला चावून गेला. मग समुद्रकाठची यांनी खासगी निरोपात सांगितलेला बाटलीचा उपाय केला. एक लिटरची पाण्याची बाटली, खांद्यापासून कापायची, तोंडाकडचा भाग उलटा आत बसवायचा, जसा गटारातल्या उंदरांचा सापळा. आत कोळंबीचा तुकडा. बाटली त्याच्या आवडत्या कपारीपुढे आडवी ठेवली.

पहिला दिवस बाटलीवर हल्ले. दुसरा दिवस दुर्लक्ष. तिसऱ्या दिवशी तोंड आत घालून तुकडा हिसकावला आणि उलटा बाहेर आला, म्हणजे अक्कल आहे. चौथ्या दिवशी सकाळपासून उपाशी ठेवला आणि तुकडा दोऱ्याने बाटलीच्या पार बुडाला बांधला. दुपारी साडेतीनला आत. मी ऑफिसच्या मीटिंगमध्ये, बायकोने फोटो पाठवला. दुकानदाराने परत घेतला, पैसे दिले नाहीत, आणि "परत घेतो तेच खूप" असा चेहरा केला.

खडक उचलून थेट काचेवर बसवला. खाली खरंच वाळू होती, तुम्ही सांगितलं नसतं तर लक्षातच आलं नसतं.

पाण्याबद्दलही एक शोध लागला. घरच्या आरओचं पाणी टीडीएस मीटरने (विरघळलेले क्षार मोजणाऱ्या) ६५ दाखवत होतं. त्या मशीनला चवीसाठी थोडं मूळ पाणी मिसळणारा एक स्क्रू असतो, तो पूर्ण बंद केल्यावर १२ वर आलं.

---

समुद्रकाठची | १७ फेब्रुवारी, सकाळी १०:०५

१२ चालेल सुरुवातीला, पुढेमागे उरलेले क्षार काढणारं डीआय कार्ट्रिज जोडा, शून्यावर येईल. आणि लक्षात आहे ना, रोज उडणारं पाणी भरताना साधं आरओचं भरायचं, खारं नाही. पाणी उडतं, मीठ मागे राहतं. एप्रिल-मेमध्ये पंखा लावलात की लिटरभर पाणी रोज उडेल.

कोळंबी घातलीत म्हणून सांगते, बाजारातली ताजी, सोललेली, धुतलेली आणि बारीक चिरलेली चालते. सुकट-जवळा कुणी घालू नका, खारवलेला असतो आणि पाणी घाण करतो.

---

नळाचं_पाणी | २९ मार्च, रात्री १०:००

बऱ्याच दिवसांनी. गोबी आणि कोळंबी २० फेब्रुवारीला टबात, तांब्याशिवाय, फक्त निरीक्षण. १२ मार्चला मोठ्या टाकीत. पहिले चार दिवस दोघांचा पत्ता नाही. पाचव्या रात्री काच तडकल्यासारखा 'टक्' आवाज आला. बायको म्हणाली फुटली टाकी. मी बॅटरी घेऊन काचेच्या कडा तपासत बसलो होतो रात्री एक वाजता. कोळंबीने नांगी वाजवली होती, एवढंच.

आता बीळ समोरच्या काचेलगत आहे, आतलं दिसतं. कोळंबी दोन्ही नांग्यांवर रेतीचा डोंगर घेऊन येते, बुलडोझरसारखी, दारात टाकते, वळते. वळताना मिशी गोबीच्या शेपटीवरून काढते आणि लगेच परत टेकवते. काल एक शंख दारात लोटला गेला, गोबीने तो तोंडात उचलून दूर थुंकला. मुलगी त्या शंखाला परत दारात ठेवायला सांगते. नाही ठेवत.

फायरफिश टबात आहे. क्लाऊन दुसऱ्या टबात आहेत आणि मुलीचा हात दिसला की वर येतात. मोठीचं नाव आई, छोट्याचं बाबा. मी निषेध नोंदवला आहे.

---

तळलेला_बोंबील | २९ मार्च, रात्री १०:१२

छोटा अंग थरथरवतो का? सहज विचारतोय.

---

नळाचं_पाणी | २९ मार्च, रात्री १०:१४

रोज.

---

साधा_माणूस | ११ एप्रिल, रात्री ८:४५

एक सांगायचं होतं. चारातले दोन डॅम्सेल आणि दोन्ही क्रोमिस गेले, एकेक करत. पिवळा टँग एका ओळखीच्यांच्या पाच फुटी टाकीत दिला. खारवट, पंधरा महिने नाही लागले.

---

खारवट | ११ एप्रिल, रात्री ९:३०

वाईट वाटलं. टँग दिलात ते चांगलं केलंत, खरंच. क्रोमिसचं असंच होतं, थवा म्हणून पाच आणा नाहीतर दोन, रोज एकाची पाळी येते आणि शेवटी एक उरतो. उरलेले दोन डॅम्सेल एकाच रंगाचे आहेत का? नसतील तर एक वेळ जमेल. खडकांची मांडणी पूर्ण बदलून बघा. जुने सातबारे रद्द होतात आणि काही दिवस तरी सगळे नव्याने घर शोधण्यात गुंततात.

---

नळाचं_पाणी | १८ मे, सकाळी ६:४०

फायरफिश गेला.

२ एप्रिलला मोठ्या टाकीत सोडला होता, झकास रुळला होता. वेव्हमेकरच्या वरच्या भागात तुरा हलवत उभा असायचा. क्लाऊन ५ मेला आले. मोठीने दोन दिवस त्याला थोडं हटकलं, मग सोडून दिलं. सगळं ठीक होतं. काल रात्री अकराला लाईट गेली, पाऊण तासाने आली, दिवे एकदम लागले. सकाळी तो टाकीत नाही. झाकण मी स्वतः जाळीचं करून घेतलंय, फट नाही अशी माझी खात्री होती. फिल्टरच्या वायरी जातात तिथे कोपऱ्यात इंचभर मोकळी जागा आहे. टाकीमागे, भिंतीलगत सापडला. वाळून कडक झाला होता.

मुलगी अजून झोपलीय. काय सांगू कळत नाही.

---

समुद्रकाठची | १८ मे, सकाळी ७:१५

अरेरे. जे झालं तेच सांगा. मुलांना कळतं.

---

डलासचा_देशी | १८ मे, सकाळी ८:५०

माझाही असाच गेला होता, माझी फट अर्ध्या इंचाची होती. अंधारात एकदम दिवे लागले की हे बिथरतात. दिव्याला हळूहळू उजळणारा टायमर मिळतो, किंवा लाईट आल्यावर लगेच न लागणारं काहीतरी जोडा.

---

नळाचं_पाणी | २५ मे, रात्री ९:२०

सांगितलं. तिने कुंडीत पुरला, जास्वंदीच्या. वर तुऱ्यासारखी काडी खोचलीय.

आता टाकीत गोबी, कोळंबी, दोन क्लाऊन. मधला मजला रिकामा. काल दुकानात रॉयल ग्रामा दिसला, मी चष्मा लावून रेघ शोधली. रेघ नव्हती, रंग विरघळत होता, काळा ठिपका होता. नायट्रेट ५. सहा महिने म्हणाला होतात, तीन-साडेतीन झालेत. आणू का?

---

खारवट | २५ मे, रात्री ९:४८

ठिपका बघितलात, शाब्बास. दुकानदाराला म्हणा, त्याला खायला घालून दाखव तुमच्यासमोर. खाल्लं तर पैसे देऊन तिथेच राहू द्या आठवडाभर, मग टबात आणा. टबातून बाहेर यायला जून संपेल, तोवर उन्हाळाही सरेल.

पण आधी तो वायरींचा कोपरा बुजवा. जाळीचा तुकडा कापून वायरींभोवती गुंडाळायचा आणि प्लॅस्टिकच्या पट्टीने आवळायचा. झाला की फोटो टाका इथे.